काचेतला मोगरा

मला सगळे तिखट जिभेची म्हणतात. म्हणोत बापडे! त्या शुक्रवारी माझी जीभ गोड असती ना, तर झुलेखाचं काय झालं असतं ते अल्लालाच ठाऊक.

मी कुबरा. माहेर दाभोळचं, सासर रत्नागिरीजवळ कर्ल्याचं, आणि त्रेसष्ट साली संसार कुवेतमध्ये, मिरगाबच्या एका गल्लीत. खाली आमच्या ह्यांचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. पाटीवर अरबीत आणि इंग्रजीत लिहिलेलं, 'महबूब फोटो स्टुडिओ'. महबूब म्हणजे आमचे हे. फोटो काढायचे ह्यांनी आणि रंग भरायचे मी. रंगीत फिल्म आमच्या गल्लीपर्यंत अजून पोचली नव्हती. काळा-पांढरा फोटो छापून झाला की हे तो वर पाठवायचे, आणि मी काडीला कापूस गुंडाळून गालांना गुलाबी, साडीला हिरवा, दागिन्यांना पिवळा रंग चढवायचे. नवऱ्याने साधी नायलॉनची साडी आणली असली तर मी तिला जरीचे काठ लावून द्यायचे. एका टकल्याला तर मी डोकंभर केस दिले होते. गावी फोटो पोचला, तर त्याच्या आईने विचारलं, हा कोण?

दुकानाच्या तोंडाला काचेचं शोकेस होतं. त्या काचेबद्दल ह्यांचा एक नियम. लावायचं तर नवरा-बायको जोडीने, नाहीतर लहान पोरं. एकटी बाई कधी नाही. शुक्रवारी नमाजाला जाता-येता आमच्या कोकणी जमातीतली माणसं तिथे थांबायची. कोणाचं लग्न झालं, कोणाला मुलगा झाला, कोणाच्या बायकोला व्हिसा मिळाला, सगळं त्या काचेत कळायचं. मशिदीत सांगितलेलं एखादा विसरेल, पण काचेत लागलेलं कोणी विसरायचं नाही.

आमच्याकडे एक पुस्तक होतं. अहमदीच्या तेल कंपनीतला एक साहेब मायदेशी गेला, तेव्हा त्याचं सामान विकायला निघालं. शहाण्या माणसांनी पंखे उचलले, खुर्च्या उचलल्या. आमच्या ह्यांनी उशीएवढं जाड पुस्तक उचललं! मी तोंड सोडणार होते, पण पुस्तक उघडलं आणि तोंड उघडंच राहिलं. पानोपानी बायकांची चित्रं. हातानं काढलेली, रंगीत. रेशमी झगे, गळ्यात मोती, आणि जिकडे बघावं तिकडे फुलं. हातात फुलं, मांडीत फुलं, केसांत फुलं. आम्ही त्याला राण्यांचं पुस्तक म्हणायचो. ह्यांना इंग्रजी चांगलं येतं, पण ते वाचायला वेळ कोणाला होता? हे बसायची ढब बघायचे आणि मी रंग बघायचे. गिऱ्हाईक आलं की पुस्तक पुढे टाकायचं आणि विचारायचं, कोणत्या राणीसारखा काढू? दोन वर्षं आमच्या कोकणच्या सगळ्या भाबी आणि खाला त्या राण्यांसारखा हातात एक गुलाब धरून फोटो काढून गेल्या. फोटोत गुलाब कागदाचा असायचा, मी तो ताजा करून द्यायचे.

तर अशा एका सकाळी झुलेखा दुकानात आली.

तिला सगळे ओळखत होते आणि कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. शुवैखच्या बंदरावर हमीदशेठ म्हणून हमालांचा मोठा मुकादम होता, आमच्याच बाजूचा, दापोलीकडचा. गावी त्याची बायको, आणि त्या बायकोचा भाऊ जाफर मुंबईत बसून हमीदचा निम्मा धंदा सांभाळायचा. दोन वर्षांपूर्वी हमीदशेठने बसऱ्याहून या झुलेखाला आणलं. लोकांनी विचारलं, कोण? तो म्हणाला, स्वयंपाकाला आणली आहे, बिचारीला कोणी नाही. बरं! मग स्वयंपाकवालीचं पोट दिसायला लागलं. तेव्हापासून जमातीतल्या बायका तिला एकच नाव ठेवून मोकळ्या झाल्या, आणि ते नाव मी इथे उच्चारणार नाही. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा रस्त्यात ती दिसली की दुसऱ्या बाजूने जायचे.

"आपा," ती मला म्हणाली, "फोटो काढायचा आहे. काचेत लावायचा."

हे कॅमेरा पुसत होते. त्यांचा हात थांबला. मी म्हटलं, "काचेत? काचेत जोडीने लागतो, बाय."

"माहीत आहे मला. म्हणून तर आले." तिने पदर सावरला आणि खुर्चीवर बसली. "माझा निकाह झाला आहे, आपा. बसऱ्यात, काझीसमोर. माझे बाबा जहाजावर भंडारी होते, खलाशांचा स्वयंपाक करायचे, ते तिथेच गेले. त्यांच्या जहाजावरचे दोघं साक्षीला होते. जहाज कुठे गेलं, ते कुठे गेले, कोणाला ठाऊक? राहिले माझे हे एकटे सांगणारे. आणि हे सांगत नाहीत."

"का नाही सांगत?"

"जाफरभायला कळलं तर भागीदारी तुटेल म्हणून. रोज म्हणतात, थांब जरा. मी थांबले असते, आपा. पण हे थांबणार आहे का?" तिने पोटावर हात ठेवला. "सातवा लागला मला. जन्माला येईल तेव्हा याला लोक काय म्हणतील?"

आता हिला काय सांगायचं? काही सुचेना, म्हणून सवयीने तेच पुस्तक पुढे टाकलं. ती पानं उलटत गेली आणि एका चित्रावर थांबली. निळा झगा, मांडीभर फुलं, हातात एक तोडलेला गुलाब, आणि बघणं कसं, तर जग गेलं खड्ड्यात असं.

"ही कोण?" तिने विचारलं.

दोन वर्षांत हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता! ह्यांनी चष्मा लावला, चित्राखालचं वाचलं, पान उलटून मागचं वाचलं, आणि ह्यांचे कान लाल होत गेले.

"ही राणी नाही," हे म्हणाले.

"मग शहजादी असेल."

"नाही गो. ही राजाची... म्हणजे ती ठेवलेली." मग घाईघाईने पानं पालटत, "अल्ला! ही पण. आणि ही पण. कुबरा, हे पुस्तकच तसलं आहे. राण्या नाहीतच यात, सगळ्या राजांच्या रखेल्या!"

हे असमाखालाला कळलं तर तिचं काय होईल ते डोळ्यांसमोर आलं आणि मला हसू आवरेना. असमाखाला म्हणजे आमच्या जमातीतली सगळ्यात मोठी बाई. निकाह असो, बाळाच्या नावाचा अकीका असो, मयत असो, तिच्यावाचून पान हलत नसे. आणि तिच्या दिवाणखान्यात भिंतीवर तिचा फोटो, हातात तोच गुलाब! मी तोंडात पदर कोंबला. मग झुलेखाकडे लक्ष गेलं आणि हसू जागच्या जागी मेलं. जे नाव सगळं गाव तिच्या पाठीमागे घेत होतं, तेच आमच्या ह्यांनी तिच्या तोंडावर वाचून दाखवलं होतं.

पण ती रडली नाही. बोट चित्रावर तसंच ठेवून म्हणाली, "पुढचं वाचा ना, भाईजान. हिच्या हातात फुलं का दिली आहेत?"

मग जी काय मजा आली, काय सांगू! हे वाचत गेले आणि आम्ही दोघी दोन्हीकडून पुस्तकावर वाकलो. त्या काळात अशा बाईचं नातं उघड सांगायची सोय नव्हती, म्हणून चित्रकार ते फुलांकडून वदवून घ्यायचे. तोडलेला गुलाब म्हणजे राजाचं प्रेम हिच्यावर आहे. मांडीभर रानफुलं म्हणजे ही बाई नव्हेच, ही वसंताची देवी, तेव्हा कोणी काही बोलायचं काम नाही. हातातून खाली पडणारं फूल म्हणजे हे सुख चार दिवसांचं. मी दोन वर्षं ती फुलं रंगवत होते, आणि ती माझ्या नाकासमोर एवढं बोलत होती! मी तर खुर्चीवर उकिडवीच बसले. म्हटलं, पुढे, पुढे वाचा!

"आणि हे पांढरं कोणतं?" झुलेखाने विचारलं.

"संत्र्याचं फूल. ते म्हणे फक्त नवरीचं. लग्नाच्या बायकोचं." ह्यांनी एक पान पुढे केलं. "ही बघा. ही राजाने ठेवलेली होती, पण हिने चित्रकाराला सांगून केसांत संत्र्याची फुलं काढून घेतली. चित्र दरबारात टांगलं आणि जी बोंब उठली म्हणे!"

"मग राजा काय म्हणाला?"

ह्यांनी पान उलटलं, सुलटलं. "ते लिहिलेलं नाही."

झुलेखाने पुस्तक मिटलं. "मला हिच्यासारखा काढा. नवरीच्या फुलांचा."

"संत्र्याचं फूल आपल्यात कोणाला कळणार आहे गो?" मी म्हटलं. "लोक म्हणतील, हमीदने फळांचं दुकान काढलं." ती पहिल्यांदा हसली. आणि ती हसली तसं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी उठून तिचे दोन्ही हात धरले. "अगो, आपल्या लोकांना वाचता येईल असं फूल आहे की आपल्याकडे! मोगरा! सातवाशाचा मोगरा!"

आमच्याकडे पहिलटकरणीला सातव्या महिन्यात हिरवी साडी नेसवतात आणि बायका जमून तिला फुलं माळतात. मोगऱ्याची जाड वेणी, गळ्यात हार, मनगटांना गजरे. तो सातवासा. ती फुलं नुसती हौसेची नसतात. ही आमची सून, हिच्या पोटातलं मूल आमचं, असं जमातीने चारचौघांत मान्य केल्याची ती खूण. पोटुशी असून जिला कोणी फुलं माळली नाहीत, तिच्या मुलाचा बाप कोण हे विचारायला सगळे मोकळे. आणि झुलेखाला फुलं माळायला कोण येणार होतं?

ह्यांनी तिचा फोटो काढला. साधी सुती साडी, डोक्यावर पदर, हात मांडीवर, नजर सरळ. तिला म्हटलं, बाय, पोट लपवू नकोस. तिने पदर बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी ती वर आमच्या खोलीत येऊन माझ्याजवळ बसली आणि मी रंगवायला घेतलं. साडी हिरवी केली, अशी हिरवी की कुवेतमध्ये कोणी पाहिली नसेल. मग बारीक कुंचला घेतला, पांढरा जाड रंग घेतला आणि तिच्या केसांत एकेक कळी ठेवत गेले. खरा मोगरा कुवेतमध्ये यायचा तो मुंबईहून विमानाने, ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि पोचेपर्यंत निम्मा पिवळा पडलेला. माझा मोगरा तसा नव्हता. पाकळीच्या टोकाला पांढरा, देठाकडे किंचित हिरवा. वेणी झाली, हार झाला, गजरे झाले. हात दुखत होता पण थांबवेना. असं काम मी उभ्या जन्मात केलं नव्हतं, आणि मला ते माहीत होतं.

"आपा," ती हळूच म्हणाली, "खरी माळली तर डोक्याला जड लागतात का गो?"

मी म्हटलं, "मान मोडते मेली." आणि तोंड फिरवलं, कारण माझ्या डोळ्यांतलं पाणी रंगात पडलं असतं.

शुक्रवारी सकाळी मी फ्रेम घेऊन खाली आले, तर हे शोकेसच्या आडवे उभे.

"कुबरा, हमीद काच फोडेल."

"फोडू दे. काच नवीन येते."

"आपण एकटी बाई लावत नाही. नियम आहे."

"एकटी कुठे आहे? नीट बघा. दोघं आहेत."

हे बाजूला झाले आणि आतून फडकं आणून काच पुसून दिली. मी मधोमध, अगदी नजरेच्या उंचीवर फोटो लावला आणि कुलूप घातलं. झुलेखा येऊन आत पडद्यामागे बसली. तिला मी चहा दिला, तो तिच्या हातात तसाच राहिला.

आधी दोन खलाशी थांबले. मग चौघं झाले. मग गल्लीत उभं राहायला जागा राहिली नाही. "हमीदची ती?" "सातवासा झाला वाटतं!" "म्हणजे निकाह केला का त्याने?" "केला असणार, नाहीतर फुलं कशी माळतील?" मी दाराची चौकट धरून उभी होते. वाचत होते लोक! एक अक्षर न लिहिता सगळे घडाघडा वाचत होते!

गर्दी फोडत असमाखाला आली. अंगभर काळा अबाया, हातात जपाची तस्बी. काचेला नाक लावून तिने फोटो बघितला आणि तडक आत आली.

"कोणी माळली हिला फुलं? सातवासा झाला आणि मला बोलावणं नाही?"

"मी माळली, खाला."

"तू? तू तिची कोण? कुठे माळली?"

"वर, आमच्या खोलीत. कुंचल्याने."

खालाने कपाळाला हात लावला. "तोबा, तोबा! म्हणजे फुलं खोटी?"

"फुलं खोटी आहेत, खाला. पोट खरं आहे."

"जीभ आवर! निकाह झाला आहे का हिचा, तेवढं बोल."

पडदा हलला. आतून झुलेखा म्हणाली, "झाला आहे, खाला. बसऱ्यात."

"तुझ्या म्हणण्याने काय होतं, बाय?" खालाचा आवाज उतरला. वाईट बाई नव्हती ती. "दोन वर्षं तो सांगत फिरतो आहे, स्वयंपाकाला ठेवली म्हणून. त्याने एकदा चारचौघांत म्हणू दे, माझी बायको आहे. मी स्वतः माळीन फुलं, माझ्या हातांनी. पण पुरुषाने म्हणायला पाहिजे."

तेवढ्यात नमाज सुटली, आणि मशिदीकडून हमीदशेठ आला. आला कसला, सुटला! वाटेत जो तो त्याचा हात हातात घेऊन मुबारक म्हणत होता, बिर्याणी कधी म्हणून विचारत होता. इस्त्रीचा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, तोंड लालबुंद.

"महबूब! बाहेर ये! उतरव तो फोटो!"

हे घाबरले. खरंच घाबरले, आणि किल्लीसाठी माझ्यापुढे हात केला. मी किल्ली पोलक्यात टाकली. म्हटलं, घ्या आता!

"भाबी, चेष्टा नको," हमीद म्हणाला. "कोणाला विचारून लावला?"

"जिचा फोटो आहे तिला विचारून. ती आमचं गिऱ्हाईक आहे. तुम्ही कोण?"

"मी कोण? मी... ती माझ्या घरी राहते!"

"घरी राहते म्हणजे? कोण लागते तुमची?"

समोरचा इराणी रोटी भाजायची सोडून बाहेर आला होता. मी मनात म्हणत होते, बोल, बोल रे मेल्या, आता तरी बोल! हमीदने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. ओठ हलले. मग खाली मान घालून म्हणाला, "काम करते. स्वयंपाक करते माझ्याकडे."

पडद्यामागे कपबशी खणकन वाजली. मला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. एवढं तिने धाडस केलं, एवढी मी वेणी गुंफली, आणि हा म्हणतो स्वयंपाक! आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडातून शब्द फुटेना. संपलं, म्हटलं. हरलो आपण.

तर गर्दीतून फारूक पुढे आला. हा शुवैखला क्रेन चालवायचा. मुरुडचा, साधा, कमी बोलणारा. त्याची बायको बाळंतपणात गेली होती, त्याला तीन वर्षं झाली होती. अल्लाशप्पत सांगते, मी त्याला शिकवलं नव्हतं! अजून लोकांना वाटतं की ते माझंच कारस्थान. मला हे असलं सुचलं असतं तर मी मुंबईत नाटकं नसती का काढली?

फारूकने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, आणि फोटोकडे न बघता असमाखालाकडे बघून म्हणाला, "खाला, बाई नुसती कामाला असेल, तिला कोणी नसेल, तर मी विचारतो. बाळंतपण झालं की मी निकाह करायला तयार आहे. तिची मर्जी असली तर. मुलाला माझं नाव देईन. मला मूल नाही."

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं बोललाच नव्हता तो. असमाखालाच्या बोटांतली तस्बी थांबली. आणि मी हमीदकडे बघितलं. त्याच्या तोंडावर आधी काहीच उमटलं नाही. मग त्याला समजलं. काय समजलं ते मला दिसलं. तिला कोणी नाही, असं त्यानेच सांगितलं होतं, आणि ते खरं मानून एक भला माणूस त्याचं घर, त्याची बायको, त्याचं मूल, सगळं दिवसाढवळ्या मागत होता, आणि नाही म्हणायला त्याच्याजवळ एकच कारण होतं.

"तिचा निकाह कसा करशील तू?" हमीद ओरडला. ओरडता ओरडता त्याचा आवाज चिरकला. "तिचा निकाह झाला आहे! माझ्याशी झाला आहे! माझी बायको आहे ती!"

इराण्याच्या भट्टीतून रोटी जळल्याचा वास आला.

पडदा बाजूला झाला. झुलेखा बाहेर आली, दुकानाच्या उंबऱ्यावर उभी राहिली. सुती साडी, डोक्यावर पदर, केसांत एक कळी नाही. ती आमच्या कोणाकडे बघतच नव्हती.

"परत म्हणा," ती म्हणाली.

हमीदने घाम पुसला. मघाशी रागात बोलला होता. आता राग उतरला होता, आणि समोर अर्धी जमात उभी होती. जाफरचे चार ओळखीचे त्या गर्दीत होते, आठवड्याभरात मुंबईला खबर जाणार हे त्याला दिसत होतं. मलाही दिसत होतं.

"झुलेखा माझी बायको आहे," तो म्हणाला. या वेळी हळू. "निकाहाची. मूल माझं आहे. जाफरला मीच सांगेन."

अहाहा! मी किंचाळलेच म्हणे. मला आठवत नाही. एवढं आठवतं की ह्यांनी माझा दंड धरला होता, आणि फारूक हमीदच्या खांद्यावर हात ठेवून 'मुबारक' म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला. आणि असमाखाला! खालाने तस्बी अबायाच्या खिशात टाकली आणि हमीदलाच धारेवर धरलं. "मेल्या, सातवा लागून किती दिवस झाले? आणि पोर बिनफुलांची बसली आहे? मुंबईला निरोप पाठव, विमानाने मोगरा मागव! पिवळा पडलेला आणलास तर तुझ्याच गळ्यात घालीन!" सगळे हसायला लागले. झुलेखाही हसत होती आणि रडत होती, आणि पदराने नाक पुसत होती.

"आता तरी उतरवा, भाबी," हमीद मला म्हणाला. "बायको आहे माझी. अख्खी गल्ली बघते आहे."

"आता उतरवते. आता तुमचा हक्क आहे," मी म्हटलं, आणि पाठ फिरवून किल्ली काढली.

"राहू द्या, आपा," झुलेखा म्हणाली. "मगरिबपर्यंत, दिवस मावळेपर्यंत राहू द्या."

"अगो, लोक बघतात!" हमीद म्हणाला.

"बघू देत की. दोन वर्षं मला कोणी बघितलं नाही."

हमीदने आमचं स्टूल उचललं, बाहेर नेलं आणि शोकेससमोर मांडून, पाठ काचेला लावून बसला. पहारा! जो थांबेल त्याच्याकडे डोळे वटारून बघायचा. पण शुक्रवारचा रस्ता, माणसं थोडीच थांबायची राहतात? आमची माणसं गेली तर दुसरी आली. ज्यांना काही ठाऊक नव्हतं ते सरळ विचारायचे, ही कोण? अरबीत विचारलं की अरबीत सांगायचा, हिंदीत विचारलं की हिंदीत. पहिल्यांदा खेकसायचा, "बायको आहे माझी, पुढे चला!" मग नुसतं म्हणायचा, "माझी बायको." मग जरा बाजूला सरकायला लागला, म्हणजे समोरच्याला फोटो नीट दिसावा. आत झुलेखा भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यापुढे जेवण ठेवलं, पण ती मला बोट ओठांवर ठेवून गप्प बस म्हणाली. ऐकत होती ती. बाहेर कोणी विचारलं की तिची मान वर व्हायची.

दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली तोवर हमीद स्टुलावरून उठला होता. आता कोणी विचारायची तो वाटच बघत नव्हता. रस्त्याने चाललेल्या माणसाचा हात धरून त्याला काचेपाशी आणत होता आणि सांगत होता, "ही बघा. ही माझी बायको."